ऑक्टेनचा आकडा आणि पंपावरचे मौन

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या परिचयातील एका घरात एक मोटार आली आणि तिच्या पाठोपाठ एक वाद आला. घर पुण्यातील, सुसंस्कृत आणि काटकसरी. वडील निवृत्त प्राध्यापक. मुलगा काही वर्षे कॅलिफोर्नियात नोकरी करून मायदेशी परतलेला. आल्याबरोबर त्याने लहानपणापासूनची हौस पुरी केली आणि जर्मन बनावटीची, टर्बोचार्जर असलेली, दोन दारांची एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. मातोश्रींनी तिला ओवाळले खरे, पण चौघांच्या कुटुंबाला दोन माणसांची गाडी कशाला, हा त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहिला.

वाद मात्र गाडीवरून झाला नाही, तो पेट्रोलवरून झाला. कॅलिफोर्नियात हा तरुण आपल्या गाडीत ९१ ऑक्टेनचे पेट्रोल भरत असे. तेथे ते प्रीमियम म्हणून विकले जाते. इकडे आल्यावर त्याने वाचले की, आपल्याकडील साध्या पेट्रोलचाच ऑक्टेन ९१ असतो. तिकडचे उंची ते इकडचे साधे, हे पाहून त्याचा ऊर भरून आला आणि त्याने निश्चिंतपणे साधे पेट्रोल भरले. तिसऱ्या रविवारी मुंबईहून परतताना खोपोली सोडून खंडाळ्याचा घाट चढू लागताच इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, गाडीचा जोर गेला आणि समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला. गाडी कशीबशी घरी आली. दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्यापूर्वीच विचारले, "पेट्रोल कोणतं टाकता?"

तेव्हापासून चिरंजीवांनी दुसरे टोक गाठले. आपल्या गाडीत तर शंभर ऑक्टेनचे पेट्रोल त्यांनी भरलेच, पण वडिलांच्या साध्या मोटारीतही तेच भरून आणले. बिल पाहून प्राध्यापक महाशय माझ्याकडे आले. "तुम्ही पत्रकार आहात, तेव्हा तुम्हीच सांगा. शंभराचे पेट्रोल म्हणजे काय शंभर नंबरी सोने?"

मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, आणि सुटला तेव्हा आम्हा दोघांनाही दुःख झाले नव्हते. परंतु प्रश्न पैशांचा होता आणि विचारणारे वडीलधारे होते, म्हणून मी वाचन केले, जाणकारांना विचारले. त्यातून हाती आले ते असे की, शंभराच्या पेट्रोलची सोन्याशी केलेली तुलनाच मुळात फसवी आहे. सोन्याचा आकडा शुद्धता सांगतो. ऑक्टेनचा आकडा शुद्धता सांगत नाही, आणि ताकदही सांगत नाही.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडून ते पेटते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरत जावी, ही अपेक्षा. परंतु दाबाने हवा तापते, हा सायकलला पंपाने हवा भरणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण या दाबाने आणि उष्णतेने आपले आपणच भडकले, तर सिलिंडरमध्ये हातोडा मारल्यासारखा आघात होतो. तीच ती टकटक, म्हणजे नॉकिंग. ती दीर्घकाळ आणि जोराने चालली तर पिस्टनला इजा पोहोचते. या अवेळी भडकण्याला इंधन किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन. ज्याला आपण जोर समजतो तो वस्तुतः इंधनाचा संयम आहे.

हे माप ठरले १९२० च्या दशकात. ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने दोन द्रव्ये निवडली. सहजी न भडकणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० गुण दिले आणि चटकन भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य. या दोहोंचे ९५ आणि ५ अशा प्रमाणातील मिश्रण ज्या दाबाला नॉकिंग करू लागते, त्याच दाबाला तुमचे पेट्रोल करू लागले, तर त्याचा ऑक्टेन ९५. यासाठी एक सिलिंडरचे, दाब कमीजास्त करता येणारे खास इंजिन प्रयोगशाळेत वापरले जाते. म्हणजे ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ९५ टक्के ऑक्टेन असते, ही समजूतही चुकीचीच.

आता कॅलिफोर्नियाच्या ९१ कडे वळू. हे मोजमाप दोन रीतींनी करतात. एका रीतीत इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी चालते, तो आकडा रिसर्च ऑक्टेन. दुसऱ्या रीतीत ९०० फेऱ्या आणि तापवलेले मिश्रण, तो आकडा मोटर ऑक्टेन. दुसरी परीक्षा अधिक कडक असल्यामुळे तिच्यात गुण कमी पडतात, साधारण आठ ते दहा. भारत आणि युरोप यांच्या पंपांवर चालतो तो पहिला आकडा. अमेरिकेच्या पंपावर लिहितात ती दोहोंची सरासरी. म्हणून अमेरिकेचे ९१ म्हणजे आपल्याकडचे जवळपास ९५ ते ९६. आमचा तरुण मित्र तोच आकडा भरतो आहोत अशा समजुतीत चार-पाच अंकांनी खाली उतरला होता. चूक त्याची, पण परीक्षा मंडळे दोन आणि गुणपत्रिका एकसारखी दिसणारी, तेव्हा एवढा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. परदेशातील आप्तांच्या सल्ल्याने किंवा परदेशी माहितीपुस्तिका पाहून पेट्रोल ठरवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानी धरावी. पुस्तिकेत आकड्यापुढे आरओएन लिहिले आहे की एकेआय, हे आधी पाहावे. पहिले आपले, दुसरे अमेरिकेचे.

स्पोर्ट्स कारला अधिक ऑक्टेन का लागतो, याचे उत्तर आता सहज मिळते. तिचे इंजिन मिश्रणाला अधिक दाबते. टर्बोचार्जर असेल तर बाहेरची हवाच आधी दाबून आत ढकलली जाते, म्हणजे दाबावर दाब. पोर्शे ९११ सारख्या गाडीला निर्माता ९८ ऑक्टेनची शिफारस करतो आणि ते न मिळाल्यास ९५ चालवून घेण्याची मुभा देतो. ही मुभा मिळते ती नॉक सेन्सरमुळे. इंजिनाच्या अंगावर बसवलेला हा संवेदक टकटकीची चाहूल लागताच संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगीची वेळ किंचित मागे सारतो. इंजिन वाचते, पण जोर घटतो आणि इंधन अधिक खर्ची पडते. घाटात झाले ते हेच. गाडीने स्वतःला वाचवले होते. त्या पिवळ्या दिव्याचे प्राध्यापकांनी आभार मानायला हवेत, असे मी त्यांना म्हणालो तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

येथे हवामानाचाही विचार हवा, आणि तो युरोपातील पुस्तिका आपल्यासाठी करीत नाही. आत येणारी हवाच तापलेली असेल तर नॉकिंग लवकर होते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा पुस्तिकेतील किमान आकडा खरोखरच किमान समजावा आणि शिफारशीच्या आकड्याकडे सरकावे. उलट उंचावर हवा विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची गरज थोडी उतरते. अमेरिकेच्या पर्वतीय राज्यांत म्हणूनच ८५ चे पेट्रोल विकले जाते. टर्बोच्या गाडीला ही सवलत नाही, कारण उंचावरही तो आपला दाब भरून काढतो.

मग साध्या गाडीत शंभराचे भरले तर? काही वाईट होत नाही आणि काही चांगलेही होत नाही. जे इंजिन ९१ वरच शांतपणे चालण्यासाठी घडवले आहे, त्याला शंभराचा संयम वापरण्याची संधीच मिळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-१०० हे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल देशातील दहा शहरांत आणले. मथुरेच्या रिफायनरीत, स्वतःच्या संशोधन केंद्राने विकसित केलेल्या तंत्राने ते तयार झाले. असे इंधन बनवणारे देश जगात मोजकेच आहेत, तेव्हा त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्या वेळी दिल्लीत साधे पेट्रोल ८२ रुपयांच्या आसपास होते आणि हे १६० रुपयांना. अभिमानापोटी टाकी भरायची नसते. प्रीमियम हा शब्दही नीट पारखून घ्यावा. या शतकाच्या पहिल्या दशकात प्रीमियम म्हणून खपलेली काही पेट्रोले ऑक्टेनने साधीच होती, त्यांत इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये तेवढी मिसळलेली असत. ती द्रव्ये उपयुक्त, पण ती वेगळी गोष्ट.

इंधन स्वतः जोर देत नाही, ते इंजिनाला जोर लावू देते, हे मला सर्वांत स्पष्टपणे उमगले ते एका युद्धाच्या हकिकतीवरून. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागले. नुसती टाकी बदलून ती विमाने वेगवान झाली नाहीत. त्यांच्या मर्लिन इंजिनांत आत ढकलल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ६ पौंडांवरून १२ पौंडांवर नेण्यात आली, आणि मगच तो आकडा कामी आला. इंजिन न बदलता आकडा वाढवणे म्हणजे चष्म्याचा नंबर न तपासता महागातली भिंगे बसवणे.

या आकड्याच्या हव्यासाने मानवजातीचे मोठे नुकसानही केले आहे. १९२१ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन अभियंत्याला शिशाचे एक संयुग सापडले. ते चिमूटभर मिसळले की ऑक्टेन स्वस्तात वाढत असे. शिसे विष आहे हे तेव्हाही ठाऊक होते. तरीही अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या मोटारी आपल्या धुरातून ते रस्त्यावर आणि रस्त्याकाठच्या बालकांच्या शरीरात ओतत राहिल्या. भारताने १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकण्याचा निर्णय अमलात आणला. जगातील शेवटचा पंप बंद झाला तो २०२१ मध्ये, अल्जीरियात. त्या सर्व दशकांत पंपावर येणाऱ्या सामान्य माणसाला आपल्या टाकीत काय जाते आहे, हे कोणी सांगितले नव्हते.

आणि येथेच आजचा प्रश्न सुरू होतो. प्राध्यापकांच्या चिरंजीवांनी २०२१ मध्ये आपला आकडा शोधून काढला, त्यानंतर पंपावरचे पेट्रोलच बदलले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ मध्ये देशाने वीस टक्क्यांचे लक्ष्य गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने आपल्या शेतातील ऊस आणि मका यांतून इंधन काढावे, परकीय चलन वाचवावे आणि तो पैसा शेतकऱ्याच्या घरी जावा, या धोरणाचे प्रस्तुत लेखक मनापासून स्वागत करतो. कोल्हापूर-सांगलीपासून अहिल्यानगरपर्यंतच्या साखर पट्ट्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

परंतु स्वागत करणाऱ्यानेच नेमके प्रश्न विचारावेत. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की, इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५ आहे आणि ई-२० मुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या जवळ गेला आहे. पूर्वी तो ८८ होता, भारत स्टेज-६ मध्ये ९१ झाला. हे खरे आहे. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषून घेते, मिश्रण थंड ठेवते, म्हणून ते नॉकिंगला चांगलेच आवरते. स्पोर्ट्स कारच्या मालकाला ही आनंदाचीच वार्ता.

मात्र ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, याचा इथेनॉलहून चांगला पुरावा नाही. त्याचा ऑक्टेन पेट्रोलहून कितीतरी अधिक आणि लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे की, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी आरेखित आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे इंधनाची कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. त्याच जातीच्या दुचाकींत ३ ते ४ टक्के. ई-२० साठीच जुळवलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्क्यांवर येते. मंत्रालयाच्या मते घट किरकोळ आहे. असेलही. पण ज्याच्या खिशातून ती भरली जाते, त्याला ती ठाऊक असावी.

आता त्या लाल गाडीचे पाहा. तिच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत निर्मात्याने दोन गोष्टी छापल्या आहेत. एक ऑक्टेनचा आकडा आणि दुसरे, वर्तुळात ई-५ व ई-१० ही अक्षरे. २०२१ मध्ये तिची पहिली अट पुरी होत नव्हती. आज साध्या पेट्रोलने पहिली अट पुष्कळशी पुरी होते आणि दुसरी मोडते. इथेनॉल काही प्रकारच्या रबरी नळ्यांना आणि जोडांना मानवत नाही, हवेतील ओलावाही ओढून घेते. रविवारपुरती बाहेर निघणारी आणि पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी या दृष्टीने अधिक नाजूक. म्हणून ‘योग्य ऑक्टेन कोणता?’ हा प्रश्न आता एकट्याने विचारून चालत नाही. ‘त्यात इथेनॉल किती?’ हेही त्याच श्वासात विचारावे लागते. एप्रिल २०२३ नंतर भारतात तयार झालेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला साजेसे आहेत. त्याआधीच्या लक्षावधी गाड्यांचे, आणि त्या स्पोर्ट्स कार नव्हेत तर मध्यमवर्गीयांच्या दहा-बारा वर्षे जपलेल्या मोटारी व स्कूटर आहेत, मालक हा प्रश्न कोणाला विचारणार?

ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये ई-१० हे साधे पेट्रोल केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ चे सुपर पेट्रोल पंपावर ठेवले. युरोपात ऑक्टोबर २०१८ पासून जे वर्तुळ गाडीच्या झाकणावर, तेच वर्तुळ पंपाच्या नळीवर असते. गिऱ्हाइकाने चिन्हाला चिन्ह जुळवायचे. अमेरिकेत पिवळ्या पट्टीवर काळ्या अंकांत ऑक्टेन लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. इथेनॉलच्या बाबतीत आपण ज्या ब्राझीलचे उदाहरण देतो, तेथे तर २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि काय भरायचे हे चालक ठरवतो. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पण पर्याय देणे आणि माहिती देणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि माहिती देण्यासाठी शासनाला कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्या पंपावर घनता लिहिलेली असते. मागितला तर फिल्टर पेपर मिळतो, पाच लिटरचे माप मिळते, आणि हे सर्व ग्राहकाचे हक्क आहेत. साध्या पेट्रोलच्या नळीवर ऑक्टेनचा आकडा मात्र मला आजवर क्वचितच दिसला. घनतेवरून ऑक्टेन कळत नाही. आपल्याला आकडे दिले आहेत, फक्त ज्यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे तो नाही.

या एका आकड्यासाठी एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. महाराष्ट्राने तरी हे विचारू नये. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळले. भेसळ चाललेली पाहून ते थांबले होते, एवढाच त्यांचा अपराध. रॉकेलचा ऑक्टेन अत्यंत कमी असतो. पेट्रोलमध्ये ते मिसळले की सर्वप्रथम ढासळतो तो हाच आकडा, आणि ती टकटक घाट चढणाऱ्या गरिबाच्या रिक्षातही होते, केवळ लाल स्पोर्ट्स कारमध्ये नव्हे. रिक्षाला नॉक सेन्सर नसतो. तिच्या मालकाला फक्त दुरुस्तीचे बिल येते. पंपावर लिहिलेला आकडा हे विक्रेत्याचे वचन असते, आणि वचन लिहिलेले असले की ते मोडल्याचे सिद्ध करता येते.

तूर्त वाचकांच्या हाती आहे ते एवढेच. झाकण उघडून आतली पट्टी वाचावी. किमान आणि शिफारस यांतला फरक ओळखावा. किमान आकड्याखाली कधी उतरू नये आणि शिफारशीच्या वर पैसे घालवू नयेत. ९५ चे आणि १०० चे निम्मे-निम्मे भरले तर साधारण ९७-९८ होते, ही युक्ती ९८ मागणाऱ्या गाडीसाठी पुष्कळदा पुरते. इथेनॉलची मर्यादा पाहावी, आणि गाडी जुनी असेल तर नळ्या व जोड वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

प्राध्यापक महाशयांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या साध्या गाडीत साधे पेट्रोल भरण्याचा आपला हक्क मुलाकडून परत मिळवला. मागच्या महिन्यात आम्ही दोघे बरोबर पंपावर गेलो होतो. त्यांनी काच खाली करून, वर्गात विचारावे तशा सुरात विचारले, "काय रे, या पेट्रोलचा ऑक्टेन किती? आणि इथेनॉल किती टक्के?"

मुलगा नम्र होता. त्याने मशीनकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले.

"काका, साधं टाकू की प्रीमियम?"